आठ चाकी चिलखती गाडीला पोहता यायलाच हवं का?

वाळूजचा वेल्डर (धागाकर्ता)

सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोत बेरेशिद इथं टाटांचा कारखाना सुरू झाला, ती बातमी बहुतेकांनी वाचली असेल. तिथं बनणारी आठ चाकी चिलखती गाडी, व्हॅप, ही टाटा आणि अहिल्यानगरच्या व्हीआरडीईनं, म्हणजे डीआरडीओच्या लष्करी वाहनांच्या संस्थेनं, मिळून घडवलेली. दिल्लीच्या २०१४ च्या डिफेक्स्पो या शस्त्र-प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा नाव केस्ट्रेल होतं. एप्रिल २०२२ मध्ये तिच्यापासून केलेल्या पायदळाच्या गाड्या पुण्यात लष्कराच्या ताब्यात गेल्या. वाळूजहून नगर शंभरेक किलोमीटर. मी बावीस वर्षं जाड पत्र्याचं फॅब्रिकेशन करतोय, म्हणून या गाडीचा मला जिव्हाळा आहे, आणि म्हणूनच विचारतोय: तिला पोहता यायलाच हवं, हा हट्ट कशासाठी?

हिशेब मांडतो. गाडी २५ टनांची धरा. तरंगायची तर तिनं २५ घनमीटर पाणी बाजूला सारलं पाहिजे. आठ मीटर लांब, तीन मीटर रुंद म्हटलं तर तळ २४ चौरस मीटरचा. म्हणजे नुसती पेटी असती तरी मीटरभराच्या वर बुडाली असती. पण ती पेटी नाही. आठ चाकांसाठी दोन्ही बाजूंनी खाचा आहेत, आणि सुरुंगाचा दणका बाजूला वळावा म्हणून तळ व्ही आकाराचा. पाणी जिथून उचलून धरणार, तिथलीच जागा गेली. ती भरून काढायला अंग उंच करावं लागतं, आणि उंच गाडी शत्रूला लांबून दिसते. वर एक टन चिलखत चढवलं की गाडी आणखी चार सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं खाली बसते. आत बसलेल्या पोरांच्या भोवतीचं पोलाद आपण पाण्यासाठी कमी करतोय, हे मला पटत नाही.

जर्मनी-नेदरलँड्सची बॉक्सर ३६ टनांच्या पुढं गेली, पोहत नाही. अमेरिकेची ब्रॅडली सुरुवातीला कापडी पडदा उभारून पोहायची. पुढं चिलखत वाढवलं आणि पोहणं सोडून दिलं. आपणही पोहण्याची अट काढावी आणि ते वजन जवानांच्या संरक्षणाला द्यावं, असं माझं मत आहे.

बीएमपीवाला (आष्टी, जि. बीड)

वेल्डर भाऊ, हिशेब बरोबर आहे, निकाल मान्य नाही.

मी मेकनाइज्ड इन्फंट्रीत होतो, बीएमपी-२ ही पायदळाची चिलखती गाडी चालवली आहे. १४ टनांची गाडी, ट्रॅकच्या, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या जोरावर पाणी कापते, ताशी सातेक किलोमीटर. पाण्यात घालायच्या आधी ड्रेन प्लग बघायचे, आत शिरलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप चालवून बघायचा, पुढची ट्रिम वेन, म्हणजे पाणी अडवणारी फळी, उभी करायची, हॅच लावायचे. हात बसलेल्या क्रूला यात फार वेळ लागत नाही. पहिल्यांदा नाक पाण्यात जातं तेव्हा पोटात गोळा येतो, ते वेगळं. पण एक सेक्शन कुणाची वाट न बघता पलीकडं जातो, ही गोष्ट किती मोठी आहे ते काठावर ताटकळत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पूल टाकायचा म्हणजे इंजिनिअरांचे ट्रक यायचे, जागा ठरायची, आणि एकदा पूल पडला की सगळ्यांनी त्याच जागी गर्दी करायची. मे २०२२ मध्ये युक्रेनात सिव्हर्स्की डोनेट्स नदीवर बिलोहोरिव्काजवळ रशियानं तरंगते पूल टाकले. युक्रेनच्या तोफांनी पूलही मोडले आणि दोन्ही काठांवर दाटलेल्या गाड्याही. आपल्या पंजाबात सीमेजवळ कालवेच कालवे आहेत. आणि १९७१ विसरू नका. गरीबपूरला ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ हे हलके रणगाडे होते, तेही पोहणारे. पंजाबी जवान त्यांना पिप्पा म्हणायचे, म्हणजे तुपाचा रिकामा डबा. पत्रा पातळ, तरी पाकिस्तानच्या शॅफी रणगाड्यांचा ताफा तिथं संपला.

वाळूजचा वेल्डर

काका, आदर ठेवून बोलतो. तुमचं डोनेट्सचं उदाहरण माझ्याच बाजूला जातं. रशियाकडं पोहणाऱ्या बीएमपी ढीगभर होत्या, चाकांवरच्या बीटीआर होत्या. तरी पूल टाकावेच लागले ना? कारण जड रणगाडा पोहत नाही, डिझेलचा टँकर पोहत नाही, दारूगोळ्याचा ट्रक पोहत नाही. गाडी पलीकडं गेली आणि मागचं सगळं अलीकडं राहिलं, तर ती किती तास लढेल?

दुसरं म्हणजे कारखान्याची बाजू. पोहणाऱ्या गाडीचा प्रत्येक वेल्ड पाणी धरतो का ते बघावं लागतं. चिलखती पोलाद जोडताना आधी गरम करावं लागतं, हळू थंड होऊ द्यावं लागतं, नाहीतर कडेला बारीक चीर राहते. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. केबल जाते ते प्रत्येक भोक, मागच्या रॅम्पची रबरी पट्टी, चाकाचा दांडा बाहेर येतो तिथलं सील, सगळं जपावं लागतं. आमच्याकडं मे महिन्यात ४२ अंशांत उभ्या असलेल्या टेम्पोच्या दाराचं रबर दोन-तीन वर्षांत कडक होतं. जी गाडी दहा वर्षांत दोनदा पाण्यात जाणार, तिची रबरं दहा वर्षं कोण तपासणार?

काळ्या रानातला (परभणी)

तुम्ही दोघं पाण्यावर बोलायलेत, मला काठाची काळजी वाटते. गाडी पोहली, पलीकडं गेली, आता वर कशी चढणार? आमच्याकडं गोदेच्या काठचं काळं रान पावसाळ्यात बघा. उसाची भरलेली ट्रॉली धुऱ्यावरून उतरली की आसापर्यंत रुतते, मग दोन ट्रॅक्टर लावले तरी हलत नाही. २५ टन भागिले आठ चाकं म्हणजे एका चाकावर तीन टनांच्या वर. ट्रॅकवाल्या गाडीचं वजन लांब पट्ट्यावर पसरतं, चाकाचं तेवढं पसरत नाही.

अशा गाड्यांत आत बसूनच टायरची हवा कमी-जास्त करता येते, हे मला माहीत आहे. आम्हीही चिखलात ट्रॅक्टरची हवा उतरवतो, फरक पडतो. पण ओल्या चढावर फरक पडणं वेगळं आणि निघणं वेगळं. म्हणून मी वेल्डर दादांच्या बाजूनं, पण माझं कारण चिलखत नाही. चाकाची गाडी डांबरी रस्त्यावर शंभरच्या वेगानं पळते, ट्रेलर लागत नाही, स्वस्तात चालते. तिचं काम तेच ठेवा. नदीचं काम ट्रॅकला द्या.

सीनाकाठची (परंडा)

मला गाड्यांतलं फार कळत नाही. पण सप्टेंबर २०२५ ला आमच्या तालुक्यात काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आम्ही ते पत्र्यावर बसून पाहिलं. सीनेचं पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा दावी सोडायलाही वेळ मिळाला नाही. हेलिकॉप्टर आलं, एनडीआरएफच्या बोटी आल्या, त्यांचे उपकार आहेत. पण रात्रभर वाट बघताना माझ्या मनात येत होतं की नगर इथून किती लांब आहे? जमिनीवर चालणारी आणि पाण्यात तरंगणारी गाडी तिथल्या लोकांनी घडवली, मग ती आमच्यापर्यंत का येऊ शकत नाही? तुम्ही पोहण्याची अटच काढायची म्हणताय.

बीएमपीवाला

ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. आमच्या आष्टीतही त्या दिवसांत लोक अडकले होते. पण खोटा दिलासा देणार नाही. या गाडीला मागं पाणी फेकणारे दोन जेट असतात, आणि अशा गाड्यांचा शांत पाण्यातला वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सेकंदाला तीन मीटरही नाही. पुराची धार त्याहून जोरात असली की गाडी पुढं जात नाही, वाहत जाते. त्यात झाडं, विजेच्या तारा, बुडालेली कुंपणं, विहिरी. २५ टनांची वस्तू आडवी झाली तर आतल्यांना बाहेर पडता येत नाही. जून २०२४ मध्ये लडाखला श्योक नदी ओलांडताना पाणी अचानक वाढलं आणि टी-७२ वरचे आपले पाच जवान गेले. वाढत्या पाण्यापुढं चिलखताचा उपयोग नसतो.

पुरासाठी हलकी बोट लागते. ती तुमच्या तालुक्याच्या गावी, चालवणाऱ्या माणसासकट, पावसाळ्याआधी उभी असली पाहिजे. ते भांडण वेगळं आणि जास्त गरजेचं. त्यात मी तुमच्या सोबत आहे.

बोरीचा पूल (नळदुर्ग)

एक जुनी गोष्ट. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे सोलापूरकडून भारताची फौज निजामावर चालून आली ती आमच्या नळदुर्गवरून. सातव्या ब्रिगेडनं बोरी नदीवरचा पूल अचानक गाठून शाबूत ताब्यात घेतला, म्हणून मागच्या रणगाड्यांचा ताफा सकाळी नऊला जळकोटला आणि दुपारी सव्वातीनला उमरग्याला पोचला. निजामाच्या लोकांनी तो पूल आधी उडवला असता तर? पावसाळा होता, बोरी भरलेली असते. शत्रू दर वेळी पूल शाबूत ठेवेल यावर गाडीचा आराखडा ठरवू नये. मी काकांच्या बाजूनं.

वाळूजचा वेल्डर

नळदुर्गकर, हे उदाहरण मला निरुत्तर करणारं आहे, कबूल करतो. चार-दोन गाड्या आधी पलीकडं जाऊन पुलाचं दुसरं टोक धरतात, यासाठी पोहणं लागतं. मागच्या रसदीचा माझा मुद्दा तिथं लागू पडत नाही.

मग असं करता येईल का? मूळ अंग पोहण्याइतकं हलकं ठेवायचं आणि वरचं चिलखत बोल्टवर. नदी असेल तिथं काढायचं, नसेल तिथं चढवायचं. बाहेरच्या बऱ्याच गाड्यांत असे जोडचिलखताचे तुकडे असतात.

बीएमपीवाला

भाऊ, तुकडे उचलायला क्रेन लागते. नदी रात्री ओलांडायची असते, दिवा लावता येत नाही. काढलेले तुकडे अलीकडं राहणार, आणि गोळीबार पलीकडं सुरू होणार.

त्यापेक्षा उचलण्याची ताकद सुरुवातीपासूनच जास्त ठेवा. आजच्या वजनावर जेमतेम तरंगणारी गाडी नको. दहा वर्षांत तिच्यावर रेडिओ वाढतो, ड्रोनला अडवणारी जाळी येते, क्षेपणास्त्रांची पेटी येते. वजन कधी कमी होत नाही. माझ्या बीएमपीत कागदावर नसलेलं सामानच किती असायचं! ओल्या ताडपत्र्या, पाण्याचे कॅन, साखळदंड, जवानांच्या पिशव्या.

काळ्या रानातला

पण काका, उचलण्याची ताकद वाढवायची म्हणजे अंग आणखी उंच किंवा लांब. दादांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

बीएमपीवाला

लिहिलंय, आणि ते खरं आहे. मी उंची पत्करीन. उंच गाडी झाडाआड, बांधाआड लपवता येते, ते क्रूच्या हातात असतं. बुडणारी गाडी क्रूच्या हातात राहत नाही.

नगरच्या मंडळींशी कधी बोलायला मिळालं तर मी चिलखताची जाडी विचारणार नाही. वरचा तोफेचा बुरूज, पूर्ण दारूगोळा, सगळे जवान आणि त्यांचं ओलं सामान आत घेतल्यावर पाणी आणि इंजिनाची हवेची जाळी यांच्यात किती सेंटिमीटर उरतात, तेवढं विचारीन. वेल्डर भाऊ, तुमच्या दोन बोटांच्या हिशेबानं त्यातून किती टन निघतात ते मग आपण इथंच मोजू.