दादांच्या आवाजाची कॅसेट वाचवायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या दादांचं वर्षश्राद्ध. लालबागच्या चाळीत आयुष्य गेलं. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. १९८२ च्या संपानंतर आईने खानावळ काढली, तेव्हा पहाटे उठून परातभर कणीक तेच मळायचे. असा माणूस!

नातवंडांना मांडीवर घेऊन हरिपाठ म्हणायचे, त्याची एक कॅसेट सापडलीय. फितीवर पांढरी बुरशी आहे, एका जागी ती चुरगळलीय. दुकानदार म्हणतो, लावून बघू. मला धीर होत नाही. बुरशीची फीत तशीच चालवली तर तुटू शकते. आईला तो आवाज ऐकायचाच आहे.

मुंबईत फीत आधी हाताने साफ करून मग डिजिटल करून देणारं खात्रीचं कुणी आहे का? खर्च साधारण किती? कुरियर नको, कॅसेट मी स्वतः घेऊन येईन.