ग्वाल्हेर एका दिवसात: किल्ला चढायचा कुठून?

लष्करकर: ‘सकाळी शिंद्यांचा जयविलास राजवाडा, दुपारी गाडीने पश्चिमेच्या उरवाई दरवाज्यातून किल्ला, संध्याकाळी तानसेनची समाधी, झालं ग्वाल्हेर’ असा बेत कालच्या पोस्टमध्ये वाचला. पाहुण्यांना असं फिरवू नका हो! किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाची मुख्य भिंत पूर्वेला आहे. निळ्या फरशा आणि त्यांतली पिवळी बदकं सकाळच्या उन्हात उजळतात, दुपारी तिथे सावली पडते. शिवाय गाडीने थेट वर पोचलेल्यांना ती भिंत दिसतच नाही, त्यासाठी महालाजवळच्या हाथी पोल दरवाज्यातून मुद्दाम खाली उतरावं लागतं. म्हणून सकाळी लवकर पूर्वेच्या पायथ्याशी असलेल्या गुजरी महालाकडून पायी चढा. आलमगिरी, बादलगढ, गणेश, लक्ष्मण हे दरवाजे ओलांडले की हाथी पोल आणि डोक्यावर मानसिंह तोमरांचा हाच मानमंदिर महाल. जयविलासला छप्पर आहे, तो दुपारी बघा.

मुरारकर: आणि सत्तरीच्या आजींनी काय करायचं? पूर्वेच्या वाटेवर वाहन जात नाही, चढ खडा आहे. मे महिन्यात नऊ वाजताच दगड तापतो. उरवाईला नावं ठेवण्याआधी तिथल्या कड्यात कोरलेले जैन तीर्थंकर आठवा. पंधराव्या शतकातलं काम, सर्वांत उंच मूर्ती 57 फुटांच्या आसपास. सोळाव्या शतकात बाबराच्या हुकमाने यांचीच मोडतोड झाली. पूर्वेच्या वाटेवर एवढं काय आहे?

नयाबाजार: चतुर्भुज मंदिर! लक्ष्मण दरवाज्याच्या अलीकडे, एका अखंड खडकात कोरलेलं. जगातलं पहिलं शून्य तिथल्या शिलालेखात आहे आणि लोक गाडीने वर निघून जातात.

दौलतगंज: पहिलं नाही. कंबोडियाच्या शिलालेखात शके 605 लिहिलंय, म्हणजे इ. स. 683, आणि त्यातलं शून्य टिंबाचं आहे. आपला लेख 876 चा. पाहुण्यांना चुकीचं सांगू नका.

नयाबाजार: टिंब आणि वर्तुळ एकच का? आपल्या लेखात देवळाला दिलेल्या बागेची लांबी 270 हात, देवाला रोजच्या माळा 50, दोन्हींत गोल शून्य आहे. आज लिहितो तसंच. गावच्या ठेव्याला कमी लेखायची खोडच लागलीय लोकांना!

दौलतगंज: कमी कोण लेखतंय? बाग 270 बाय 187 हात, विक्रम संवत 933 म्हणजे तेच 876, हे आकडे मलाही पाठ आहेत. बागेचं माप आणि देवाच्या माळा लिहिताना कारागीर इतक्या सहज शून्य कोरतो, म्हणजे ते तेव्हाच रोजच्या वापरात होतं. थोरवी यात आहे, ‘पहिलं’ या शब्दात नाही.

नयाबाजार: बरं, ‘पहिलं’ सोडतो. पण टिंबाला वर्तुळ म्हणणार नाही.

लष्करकर: शून्यावरून भांडता भांडता तळघर राहिलं. मानमंदिराखाली दोन मजले आहेत. जिने अरुंद, जाणारे-येणारे एकाच पायऱ्यांवर. वीस जणांचा एक जथा उतरला की सगळे अडकतात. म्हणूनही लवकर जायचं. मुघलांनी इथे कैदी ठेवले. औरंगजेबाचा भाऊ मुराद याच किल्ल्यावर कैदेत होता, 1661 मध्ये इथेच त्याला मारलं.

मुरारकर: लवकर जायचं, मान्य. पण आजींना चढवायचं नाही. चालणाऱ्यांना खाली ग्वाल्हेर दरवाज्याशी, म्हणजे आलमगिरीशी उतरवा, आजींना घेऊन गाडी उरवाईने वर जाऊ दे, भेट मानमंदिरापाशी. मग सासबहूची देवळं, तेली का मंदिर, आणि ऊन चढायच्या आत दाता बंदी छोड गुरुद्वारा, कारण तिथे जोडे काढावे लागतात आणि फरशी भाजते. डोक्यावर घ्यायला रुमाल घरूनच न्या. उतरताना सगळे उरवाईनेच. फक्त मूर्तींसमोर वळणावर गाडी उभी करू नका, मागची अख्खी रांग खोळंबते. गाडी पुढे काढा आणि मागे चालत या.

लष्करकर: उतरताना उरवाई, चालेल. चढताना नाही.