मदत हवी आहे: शहापूरच्या रानात दिसलेलं हे जनावर भेकर की चौशिंगा?

ओवळेकर

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. येऊरचा डोंगर घरामागेच, त्यामुळे बिबट्याच्या गप्पा रोजच्याच. पण हरणांच्या बाबतीत माझं ज्ञान चितळ आणि सांबर इथेच संपतं. म्हणून जाणकारांना विचारतोय.

गेल्या रविवारी शहापूर तालुक्यात एका पाड्यावर गेलो होतो. (संपादन: इथे पाड्याचं नाव होतं, काढलंय. कारण प्रतिसादांत कळेल.) तिथल्या एका मामांशी जुनी ओळख. त्यांच्याबरोबर पहाटे ओहोळाच्या कडेने चाललो होतो. ओहोळ म्हणजे आता नुसते दगड, एका डबक्यात तेवढं पाणी. सव्वासहाच्या सुमारास मामांनी दंड धरून खाली बसवलं. समोर पंचवीस-तीस पावलांवर शेळीएवढं जनावर, पिवळट तपकिरी, अंगावर ठिपका नाही. पाणी प्यायलं, मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि अडखळत, झटके देत करवंदीच्या जाळीत शिरलं. सगळा मिळून मिनिटभराचा खेळ.

कानांच्या मध्ये दोन सरळ, छोटी शिंगं मला स्पष्ट दिसली. त्यांच्या पुढे आणखी दोन काळे उंचवटे होते असं वाटतं. 'वाटतं' म्हणतोय, कारण घरी येऊन चौशिंग्याचे ढीगभर फोटो बघितले आणि आता रानात काय दिसलं होतं आणि फोटो बघून काय आठवायला लागलंय, याचीच सरमिसळ झालीये.

मामांना विचारलं तर म्हणाले, "भेकर. आमच्यात भेकरच बोलतात." ऑफिसातला मित्र म्हणतो, ही भेकराची दुर्मिळ उपजात. मोबाइलवर काढलेला फोटो जोडलाय. अर्धं अंग जाळीत, डोकं हललेलं. हसू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. परतताना त्याच वाटेवर बाइकच्या क्लचवायरचा फास दिसला, बुंध्याला बांधलेला, गुडघ्याच्या खाली. मामांनी बघून न बघितल्यासारखं केलं. होळीच्या आसपास तिकडे पारधीला जायचे हे ऐकून होतो, पण ती जुन्या काळची गोष्ट समजत होतो. या फासाचं काय करायचं? कुणाला कळवायचं? मामांना त्रास झालेला मला चालणार नाही.

कारवी

ओळख नंतर. आधी पाड्याचं नाव आणि ओहोळाची खूण काढा, आत्ताच्या आत्ता. फास लावणाऱ्यांच्या हातातही मोबाइल असतो. चार शिंगांच्या कवटीसाठी हे जनावर पूर्वी हौशी शिकाऱ्यांनी भरपूर टिपलंय, आणि ती हौस पूर्ण मेली असेल याची खात्री मला नाही. फोटोच्या फाइलमध्येही जागेचे अक्षांश-रेखांश राहतात. त्याचा स्क्रीनशॉट काढा, तो चढवा.

ओवळेकर

काढलं. फोटोही बदलला. सकाळपासून तसंच होतं, डोक्यातच आलं नाही. सॉरी.

खोडकर

ते सगळं ठीक, मटण कसं लागतं?

लालमाती

खोडकर, चौशिंगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. शिकारीला 3 ते 7 वर्षं. आतलं जेवण कसं लागतं ते येऊन सांगा.

ओवळेकर, आता तुमचा फोटो. आधी मित्राचा मुद्दा निकालात काढू. चौशिंगा ही भेकराची उपजात नाहीच, तो हरणांच्या कुळातलाही नाही. भेकर, चितळ, सांबर यांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. चौशिंग्याची शिंगं गायीबकरीसारखी, एकदा आली की जन्मभर तीच. त्याच्या तीन उपजाती मानतात, आपल्याकडची भारतीय द्वीपकल्पातली. पण उपजात असल्या फोटोवरून कुणी सांगायला लागला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

शिंगांवर फार विसंबू नका. मागची जोडी 8-10 सेंटीमीटरची, पुढची जेमतेम 2-5. कित्येक नरांत पुढच्या जागी नुसता काळा उंचवटा असतो, आणि मादीला शिंगंच नसतात. भेकराचं शिंग केसाळ खुंटावर उगवतं आणि त्या खुंटांपासून कपाळावर काळ्या रेघा खाली उतरतात, 'व्ही' अक्षरासारख्या. तुमच्या फोटोत डोकं हललंय, पण पुढचा पाय बघा. पायाच्या समोरच्या बाजूने गडद पट्टा उतरलेला दिसतोय. शिवाय ते झटके देत चालणं. माझा कल चौशिंग्याकडे. पैज मात्र लावणार नाही.

कारवी

पट्टा मलाही दिसला, पण त्या उजेडात करवंदीच्या फांदीची सावलीही तशीच पडेल. पक्कं करायचं तर लेंड्या बघा. चौशिंगा ठरलेल्या जागी परत परत येऊन लेंड्या टाकतो, एकाच ठिकाणी जुन्या-ताज्यांचा ढीग होतो. भेकर असा ढीग सहसा करत नाही. आणि आवाज: भेकर बिथरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. येऊरला संध्याकाळी आतून 'कुत्रं' ऐकलं असेल तर तेव्हाही भेकरच असू शकेल.

पण हे बघायला तुम्ही मुद्दाम जाऊ नका. उन्हाळ्यात एवढं एकच डबकं असेल तर त्याच्या काठी माणूस बसला की जनावर तहानलेलं राहतं.

जुनाशहापूरकर

फास म्हटलं की पाड्याकडे बोट, हे ठरलेलंच. आमच्याकडे फास डुकरासाठी लावतात, सशासाठी लावतात. त्यात भेकर अडकतं, चौशिंगा अडकतो, कधी बिबट्याही. लावणारा चुकतोच, त्याचं समर्थन करत नाही. पण शनिवारी रात्री बॅटऱ्या घेऊन गाड्यांतून येणारे आमच्या पाड्यातले नसतात, एवढं शहरातल्यांनी लक्षात ठेवावं. मामांनी न बघितल्यासारखं केलं कारण त्यांना तिथेच राहायचंय. तुम्ही रविवारी संध्याकाळी ठाण्याला गेलात.

ओवळेकर

बोललात ते बरोबर आहे. म्हणूनच विचारतोय.

लालमाती

वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवता येतं. त्यापेक्षा त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष गाठून नकाशावर जागा दाखवा. 'चालताना दिसला' एवढं पुरे, बरोबर कोण होतं हे सांगायची गरज नाही. फास स्वतः तोडू नका. जागेवर पुरावा राहू द्या आणि कुणी लपून बघत असेल तर वाद तुमच्या अंगावर येईल. फोटोतला प्राणी आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या नोंदींची वेबसाइट) टाकलात तरी चालेल, धोक्यातल्या जातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते. सांगणाऱ्याने स्वतःच वर्णनात पाड्याचं नाव लिहिलं नाही म्हणजे झालं.

ओवळेकर

अपडेट देतो. बुधवारी रजा टाकून गेलो. पहिल्या कार्यालयात "ही आमची हद्द नाही" ऐकायला मिळालं, दुसऱ्यात मात्र साहेबांनी नकाशा काढला आणि दोन वनरक्षक लगेच पाठवले. मी बरोबर गेलो नाही. संध्याकाळी फोन आला. तो फास आणि वरच्या अंगाला आणखी दोन, असे तीन काढले. लेंड्यांचा ढीगही दिसला म्हणाले, पण जनावराचं नाव त्यांनीही नक्की सांगितलं नाही. पाण्यावर कॅमेरा लावायचा विचार करू म्हणाले.

रात्री मामांचा फोन. वनखात्याची माणसं येऊन गेली, हे त्यांनी नुसतं सांगितलं, मला काही विचारलं नाही. ठेवता ठेवता म्हणाले, "तो फोटो कुटं टाकला नाय ना?"

टाकलाय पण जागा कुठे लिहिलेली नाही, म्हटलं. रविवारी पहिले काही तास लिहिलेली होती, ते सांगितलं नाही.