मधल्या गल्लीच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव : गृहनिर्माण संस्थेच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या मधल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबावर महापालिकेने परवा एक नोटीस लावली आहे. तिचा फोटो वर टाकला आहे, परंतु अक्षरे बारीक असल्यामुळे आशय लिहून देतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० अन्वये या गल्लीची रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची कायदेशीर हद्द, नव्याने आखून तिची रुंदी सहा मीटरवरून नऊ मीटर करण्याचे प्रस्तावित आहे. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या मिळून चौदा प्लॉटच्या दर्शनी भागातून प्रत्येकी दीड मीटरची पट्टी घेतली जाईल. हरकती लेखी स्वरूपात आणि महिन्याच्या आत द्यायच्या आहेत, आणि आलेल्या हरकतींचा विचार केल्याशिवाय स्थायी समितीला या प्रस्तावास मान्यता देता येत नाही. ग्रुपवर अंगठ्याचे चिन्ह टाकल्याने हरकत नोंदली जात नाही, हे कृपया सर्वांनी लक्षात घ्यावे. गेल्या वेळी पार्किंगच्या विषयावर असेच झाले होते.

प्लॉट ७
सचिवसाहेब, माहितीबद्दल आभार. मात्र यात हरकत घेण्यासारखे काय आहे, हे मला समजलेले नाही. माझा प्लॉट पाच हजार चौरस फुटांचा आहे, दर्शनी बाजू पन्नास फूट. दीड मीटर म्हणजे साधारण पाच फूट धरले, तर माझी अडीचशे चौरस फूट जागा जाईल. आता त्याच्या बदल्यात काय मिळते ते पाहा. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्यानुसार आपल्यासारख्या महापालिकेत नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरील निवासी प्लॉटला १.१ एवढाच मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) मिळतो. त्यावर शुल्क भरून मिळणारा प्रीमियम एफएसआयही नाही आणि टीडीआरही, म्हणजे दुसरीकडे सोडलेल्या जागेच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्कही, वापरता येत नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला की ०.५ प्रीमियम आणि ०.४ टीडीआर धरून तोच आकडा २ होतो. वर जिना, बाल्कनी अशा भागांसाठी त्या आकड्याच्या ६० टक्के अनुषंगिक एफएसआय दोन्ही वेळा आहेच. म्हणजे आज ज्या जागेवर सुमारे ८,८०० चौरस फूट बांधता येते, तिथे उद्या १६,००० चौरस फूट बांधता येईल. प्लॉट ८ आणि मी दोन्ही प्लॉट एकत्र करण्याचा विचार करत आहोत, आणि एका विकासकाशी प्राथमिक बोलणेही झाले आहे, हे मी लपवून ठेवत नाही.

प्लॉट ९ (नाना)
प्लॉट ७ यांनी आकडे मोकळेपणाने मांडले, हे चांगले झाले. नगररचनेच्या कामात नोकरी केल्यामुळे मला दोन-तीन गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात. संदेश लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

काल कट्ट्यावर कोणीतरी म्हणाले की आपला भाग ‘बंगल्यांचा झोन’ आहे आणि तो आता बदलला जात आहे. तसे नाही. विकास आराखड्यात आपला भाग निवासी विभागात आहे आणि उद्याही तो निवासीच राहणार आहे. बंगल्यांसाठी वेगळा विभाग आपल्याकडे नाहीच. निवासी विभागात बंगलाही बसतो आणि बारा मजली इमारतही बसते. विभाग बदलायचा असता, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत द्यावी लागली असती, बाधितांना सुनावणी मिळाली असती आणि अखेरची मंजुरी राज्य शासनाकडून घ्यावी लागली असती. त्या वाटेत वर्ष-दोन वर्षे सहज जातात आणि विषयाची चर्चा शहरभर होते. इथे मात्र विभागाला हात न लावता केवळ रस्त्याची रेषा दीड मीटर मागे सरकवायची आहे, आणि तेवढ्यानेच त्या रेषेमागच्या प्रत्येक प्लॉटचे बांधकाम जवळपास दुप्पट होणार आहे. आपल्या शहरांत वस्तीचे रूप खऱ्या अर्थाने ठरवते ती रस्त्याची रुंदी. विकास आराखड्याच्या रंगीत नकाशाकडे सगळे बघतात, रस्तारेषेच्या नोंदवहीकडे कोणी बघत नाही.

पुण्यात हा विषय २०२० मध्ये गाजला होता. तेथील स्थायी समितीने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. त्यामागचे कारण उघड होते. जानेवारी २०१६ च्या टीडीआर धोरणाने नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यांवर टीडीआर वापरण्यास बंदी घातली होती, त्यामुळे अरुंद गल्ल्यांतील जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडला होता. हे दुखणे खरे होते आणि आजही खरे आहे. पण मग हेच रस्ते का, बाकीचे सहा मीटरचे रस्ते का नाहीत, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तच होता. एकेक गल्ली निवडून निर्णय घेतला की ती कोणाच्या सोयीने निवडली, अशी शंका येणारच.

माझी खरी हरकत मात्र वेगळी आहे. रस्ता नऊ मीटरचा होणार आहे तो कागदावर. प्रत्यक्षात ती पट्टी कधी मिळणार? रेषेच्या आतली मोकळी जागा कायद्याने ताब्यात घेता येते, परंतु तिचा मोबदला द्यावा लागतो. म्हणून व्यवहारात असे होते की ज्याचा बंगला पाडला जातो, त्याच्याकडून बांधकाम परवानगीच्या वेळी पट्टी घेतली जाते आणि बाकीच्यांच्या कंपाउंडच्या भिंती जागच्या जागी राहतात. प्लॉट ७ आणि ८ मागे सरकतील, प्लॉट ६ सरकणार नाही, प्लॉट ५ दहा वर्षांनी सरकेल. त्या काळात गल्ली करवतीच्या दात्यांसारखी दिसेल. मागे सरकलेल्या तुकड्यात चारचाकी उभ्या राहतील आणि वाहतुकीला रस्ता तोच सहा मीटरचा उरेल. इमारती मात्र नऊ मीटरच्या हिशोबाने उभ्या झालेल्या असतील. आजही घंटागाडीला प्लॉट ११ च्या बुचाच्या झाडाशी दोनदा मागे-पुढे केल्याशिवाय वळता येत नाही, आणि समोर एखादी मोटार उभी असेल तर तिचा चालक खाली उतरून बेल वाजवत फिरतो. अग्निशमनाचा बंब त्या जागी कसा वळणार, याचा विचार प्लॉट ७ यांनीही करावा.

ड्रेनेजचेही तेच आहे. गल्लीतील मलवाहिनी चौदा बंगल्यांच्या हिशोबाने टाकलेली आहे. प्रत्येक प्लॉटवर दहा सदनिका आल्या तर एकशे चाळीस कुटुंबे होतील. प्लॉट २ समोरचे चेंबर पावसाळ्यात आताच तुंबून वाहते.

प्लॉट ४ (ताई)
नाना, तुमचा मुद्दा मी दोनदा वाचला. तांत्रिक बाबतीत तुम्ही म्हणता ते बरोबर असेल, पण मी दुसरी बाजू सांगते.

हा प्लॉट माझ्या वडिलांनी घेतला. आज त्यावर आम्हा तिघा भावंडांची नावे आहेत. मी खाली एकटी राहते आणि वरचा मजला बंद आहे. गच्ची गळते, दुरुस्ती करायची तर तिघांनी पैसे काढायला हवेत, आणि जे इथे राहत नाहीत ते का काढतील? प्लॉटचे तीन भाग करा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. पन्नास फूट दर्शनी बाजूचे तीन तुकडे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला सतरा फूटसुद्धा येत नाहीत. त्यातून बाजूची मोकळी जागा सोडली की बांधायला उरते एक बोळ. शिवाय संस्थेच्या भाडेपट्ट्यात ‘एका प्लॉटवर एका कुटुंबाचे निवासस्थान’ अशी अट आहे. म्हणजे तोडता येत नाही, राखता येत नाही आणि बांधायचे म्हटले तर सहा मीटरमुळे कोणी विकासक उभा राहत नाही. मग उरतो एकच उपाय, तो म्हणजे अख्खा बंगला एखाद्या कोट्यधीशाला विकून टाकणे. तो येतो, उंच भिंत घालतो आणि कुलूप लावून निघून जातो. आपल्या चौदांपैकी पाच घरे आज बंद आहेत, हे कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते.

माझ्या भाचीला या भागात राहायचे आहे. तिला बंगला परवडणे या जन्मी शक्य नाही, दोन खोल्यांचा फ्लॅट कदाचित परवडेल. गल्लीची शांतता मलाही प्रिय आहे, पण ती शांतता बंद घरांची असेल तर तिचे करायचे काय?

प्लॉट १२ (सध्या ऑकलंड)
ताईंच्या म्हणण्याला दुजोरा देतो. मी राहतो त्या शहराने २०१६ मध्ये असाच, परंतु खूप मोठ्या प्रमाणावर निर्णय घेतला. एका प्लॉटवर एकच घर अशी रचना असलेल्या भागांसह सुमारे तीन-चतुर्थांश निवासी जमिनीवर अधिक दाट बांधकामाला परवानगी देण्यात आली. आधी जिथे एक घर आणि मागे-पुढे हिरवळ होती, तिथे आता तीन-चार जोडघरे उभी राहिलेली दिसतात. विरोध इथेही खूप झाला, पण घरबांधणी वाढली, हे मान्य करावे लागते.

प्लॉट ९ (नाना)
ऑकलंडचा दाखला उपयोगी आहे. मात्र तो माझ्या बाजूनेही बोलतो. तिथे पूर्ण शहराचा आराखडा एकदम बदलला, स्वतंत्र समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि नकाशावर कोणत्या भागात काय होणार ते सर्वांना आधी दिसले. आपल्याकडे एक गल्ली, एक खांब आणि त्यावर एक कागद आहे.

ताई, आपल्या म्हणण्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. बंद घरांचा मुद्दा मी टाळला होता, कारण तो मला अडचणीचा होता. तरीही माझे म्हणणे इतकेच आहे की रुंदीकरणाला सरसकट नकार न देता अटीची हरकत घ्यावी. चौदाही प्लॉटची पट्टी एकाच वेळी, रीतसर मोबदला देऊन किंवा त्या क्षेत्राचा बांधकामाचा हक्क देऊन ताब्यात घ्यावी. मलवाहिनी आणि पाण्याची वाहिनी आधी बदलावी. आणि गल्ली प्रत्यक्षात नऊ मीटरची होऊन मोजली जाईपर्यंत वाढीव एफएसआयचा एकही नकाशा मंजूर करू नये. बुचाच्या झाडाबाबत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालील स्वतंत्र परवानगी लागेल, तेही त्यात लिहावे. पट्टी आधी आणि एफएसआय नंतर, हा क्रम ठरला तर माझी भिंत पाडायला मी पहिला तयार आहे.

प्लॉट ७
चौदाही जण एकाच वेळी तयार व्हावेत अशी अट घालणे म्हणजे सभ्य शब्दांत ‘कधीच नको’ म्हणणे आहे. दोन प्लॉटच्या मालकांचा वारसाहक्काचा दावा न्यायालयात चालू आहे, हे नानांना ठाऊक आहे. त्यांचा निकाल लागेपर्यंत आम्ही थांबायचे का?

प्लॉट ९ (नाना)
हरकत योग्य आहे. दावा असलेल्या प्लॉटची पट्टीही महापालिकेला मोबदल्याची रक्कम न्यायालयात जमा करून घेता येऊ शकते का, हे वकिलांना विचारून मगच आपण मसुद्यात लिहू. मात्र प्लॉट एकत्र करण्याबाबत एक सांगतो. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात आपल्यासारख्या शहराला हजार चौरस मीटरची मर्यादा होती, त्यामुळे त्या काळात मोठे प्लॉट जोडण्याचा विचारही कोणी करत नव्हते. तो कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ मध्ये गेला. आता ती अडचण नाही, परंतु जमीन संस्थेची आहे आणि आपण पट्टेदार आहोत. प्लॉट जोडणे असो की ताई म्हणतात तसे तोडणे असो, भाडेपट्ट्याची अट बदलल्याशिवाय दोन्ही अशक्य आहे, आणि ती अट बदलणे हा सर्वसाधारण सभेचा विषय आहे. विकासकाच्या कार्यालयात तो सुटणार नाही. माझे वैयक्तिक मत विचाराल तर ती अट आता बदलायला हवी. एका कुटुंबाचे एक घर हा नियम तेव्हाच्या कुटुंबांना धरून होता.

अध्यक्ष
चर्चा उत्तम चालली आहे. एक मूलभूत गोष्ट कोणी विचारलेली नाही, ती मी विचारतो. कलम २१० सार्वजनिक रस्त्याला लागू होते. आपली मधली गल्ली मूळ मंजूर रेखांकनातील अंतर्गत रस्ता आहे. तो महापालिकेकडे हस्तांतरित झाला होता का? मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर, आजही संस्थेचे नाव असेल, तर विषयाची मांडणीच बदलते. हस्तांतरणाचा कागद संस्थेच्या कपाटात मला सापडला नाही. सचिवांनी नगर भूमापन कार्यालयातून अद्ययावत उतारा आणि महापालिकेतून मूळ रेखांकनाची प्रत मागवावी. रस्तारेषेची नोंदवही व सोबतचा नकाशा पाहण्याचा हक्क नागरिकांना आहे, तोही पाहून यावा. या रविवारी सकाळी दहा वाजता प्लॉट ९ च्या ओसरीवर बैठक घेऊ.

सचिव
उताऱ्यासाठी उद्याच अर्ज करतो. नानांनी हरकतीचा मसुदा शनिवारपर्यंत द्यावा. संस्थेची हरकत एक असेल, पण प्रत्येक प्लॉटधारकाने आपली स्वतंत्र हरकतही द्यावी, आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि तिचा फोटो येथे टाकावा. जे परदेशात आहेत त्यांनी स्वाक्षरी केलेले पत्र स्कॅन करून पाठवावे. कुलमुखत्यारपत्र असलेल्यांनी त्याची प्रत जोडावी.

प्लॉट ४ (ताई)
मी बैठकीला येईन. मलवाहिनी आणि झाडाबद्दलच्या परिच्छेदावर सही करीन. एफएसआय रोखण्याच्या परिच्छेदावर करणार नाही. माझे निवेदन मी वेगळे देईन आणि त्यात भाडेपट्ट्याची अट बदलण्याची मागणी संस्थेकडेही करीन. सचिवांनी तो विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

प्लॉट ७
ताईंच्या मागणीला माझे अनुमोदन समजावे.

प्लॉट ९ (नाना)
माझेही. सचिवांनी दोन्ही अनुमोदने लिहून घ्यावीत. ताई, रविवारी आपल्याकडचा मूळ भाडेपट्टा घेऊन या. माझ्या प्रतीचे शेवटचे पान वाळवीने खाल्ले आहे.