मदत हवी आहे : बाजारतळावरच्या शौचालयाला दारे किती आणि पाट्या कोणत्या?

सर्वांना सविनय नमस्कार.

मी निपाणी आणि संकेश्वर यांच्या दरम्यान असलेल्या एका गावच्या ग्रामपंचायतीची सदस्या आहे. आमच्या बाजारतळावरचे जुने शौचालय पाडून तेथे नवीन बांधायचे ठरले असून, पुढच्या बैठकीत नकाशा कायम व्हायचा आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात अशा सामुदायिक संकुलासाठी तीन लाख रुपये धरलेले आहेत. त्यांतील ७० टक्के अभियानाचे आणि ३० टक्के पंचायतीने वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचे. एवढ्या पैशांत आणि आठवडी बाजारातून उरलेल्या चिंचोळ्या जागेत काय काय बसवायचे, यावरून आमच्यात सरळसरळ तीन तट पडले आहेत. पहिल्या तटाला नेहमीप्रमाणे पुरुष आणि स्त्रिया अशी दोनच दारे हवी आहेत. दुसऱ्याला तृतीयपंथीयांसाठी तिसरे स्वतंत्र दार हवे आहे. तिसरा तट बहुतेक बेंगळुरूला नोकरी करून आलेल्या तरुणांचा आहे. ते म्हणतात की सगळ्याच खोल्या सर्वांसाठी खुल्या ठेवा, पाट्याच नकोत.

आधी जुन्या शौचालयाची स्थिती सांगते, कारण वादाचे मूळ तेथे आहे. स्त्रियांच्या बाजूला दोन भांडी होती. त्यांतल्या एका खोलीत ब्लीचिंग पावडरच्या गोण्या आणि खराटे ठेवलेले असत, आणि दुसऱ्या खोलीची किल्ली समोरच्या पानपट्टीवर खिळ्याला टांगलेली असे. चार पुरुष विडी ओढत उभे असताना त्यांच्यातून वाट काढून ती किल्ली मागायची, हे आमच्या बायकांना जमत नसे आणि मलाही जमले नाही. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या एका आजींना मी एकदा पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी तो तसाच परत केला आणि म्हणाल्या, “पाणी पिऊन जाऊ कुठं, बाई?” उन्हाळ्यातही त्या घरी परतेपर्यंत घोटभर पाणी पीत नाहीत. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे राज्यातल्या स्त्रियांना आणि तृतीयपंथीयांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. तेव्हापासून आमच्या बाजाराला आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या बायका वाढल्या आहेत, मात्र भांडी दोनच राहिली. त्यामुळे “पाट्याच नकोत” हे वाक्य आमच्या महिला मंडळात निघाले, तेव्हा बायकांना ते असे ऐकू आले की जे थोडेसे आपल्या नावावर होते, तेही आता पुरुषांच्या हवाली होणार. त्यांची ही भीती मला खोटी वाटत नाही.

आता दुसरी बाजू. आमचे गाव सौंदत्तीच्या वाटेवर आहे. मार्गशीर्षात आणि माघात कोल्हापूरकडून यल्लम्माला जाणाऱ्या गाड्या आमच्या बाजारतळावर थांबतात, चुली पेटतात, चौंडके वाजते. त्यांत जोगतिणी असतात आणि साडी नेसलेले जोगतेही असतात. त्यांना कन्नड बोलणारे जोगप्पा म्हणतात आणि आम्ही बहुतेक जण तोंडावर अक्काच म्हणतो. गेल्या यात्रेत अशा एका अक्कांनी डोक्यावरचा जग (देवीची टोपली) उतरवून माझ्या हाती दिला, कारण तो मुतारीच्या दाराशी ओल्या फरशीवर ठेवता येत नव्हता. त्या स्त्रियांच्या रांगेत गेल्या, तेव्हा पुढच्या दोघी मागे सरकल्या आणि एकीने हाताने नको म्हटले. त्या पुरुषांच्या बाजूला वळल्या, तर पोरे खिदळली. शेवटी त्या ओढ्यापलीकडच्या उसाकडे निघून गेल्या. तोवर मी जग कवटाळून उभी होते. माझे दोन्ही तळवे भंडाऱ्याने पिवळे झाले होते. ज्या देवीपुढे आपण पदर पसरतो, तिचा जग वाहणाऱ्याला आपल्या गावात साधा आडोसा मिळत नाही, एवढेच मी बैठकीत बोलले आणि वादाला तोंड फुटले.

तिसऱ्या दाराच्या बाजूने असलेले सदस्य कायद्याचा आधार देतात आणि तो खरा आहे. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालयांची सोय करण्यास केंद्राला आणि राज्यांना सांगितले होते. १५ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने देशातील सर्व न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी शौचालये असावीत असा आदेश दिला. पण याच्याच जोडीला २०१७ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांत तृतीयपंथी व्यक्तीला स्त्रियांचे किंवा पुरुषांचे, जे हवे ते शौचालय वापरू द्यावे असे म्हटले आहे. शिवाय तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याखाली झालेल्या २०२० च्या नियमांत, आस्थापनांनी आपल्या समान संधी धोरणात सर्वांसाठीच्या शौचालयासारख्या सोयींचाही तपशील द्यावा, अशी तरतूद आहे. म्हणजे वेगळे दार, हवे ते दार आणि सामाईक दार हे तिन्ही मार्ग आपल्याच कागदपत्रांत सापडतात, आणि बैठकीत ज्याला जो सोयीचा तो त्याने वाचून दाखवला.

त्यात भर म्हणून एका सदस्याच्या मुलाने भ्रमणध्वनीवरून ब्रिटनचा निकाल फिरवला. १६ एप्रिल २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या २०१० च्या समानता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जन्मतः स्त्री असा लावला, हे खरे आहे. पण तो त्यांच्या कायद्याचा अर्थ आहे. आमच्या बाजारतळाला तो लागू होत नाही. मला त्यापेक्षा त्यांचा बांधकामाचा नियम कामाचा वाटला. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये घरे सोडून इतर नव्या इमारतींत स्त्री-पुरुषांची शौचालये वेगळी ठेवावी लागतात, आणि जागा असेल तर त्याशिवाय कोणालाही वापरता येतील अशा, आतच हात धुण्याची सोय असलेल्या पूर्ण बंद खोल्या देता येतात. जागाच कमी असेल तर नुसत्या अशा खोल्याही चालतात. याचा अर्थ तेथे मुख्य आक्षेप आहे तो एकाच दालनात वरून-खालून उघड्या फळ्यांचे आडोसे लावून सर्वांना आत सोडण्याला. आमच्या बैठकीत हा फरक कोणीच केला नाही आणि ‘सामाईक’ या एका शब्दावर दोन तास भांडण झाले.

माझे स्वतःचे मत असे बनले आहे की स्त्रियांची बाजू वेगळी राहिलीच पाहिजे, आणि तिच्याशिवाय दोन खोल्या कोणाच्याही नावाच्या नसाव्यात. तरी ज्यांनी असे काम केले आहे किंवा वापरले आहे, त्यांनी कृपया सांगावे : भिंती आणि दारे कशी असावीत? तिसऱ्या दारावर ‘तृतीयपंथी’ असे लिहिल्यास ते लोक खरोखर ते वापरतात का? आणि वर्षभर देखरेख कोणी करावी?

प्रतिसाद १ (खानापूर, निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक)

ताई, दारांच्या आधी मुतारीचा विचार करा. बाजारात येणाऱ्या पुरुषांपैकी बहुतेकांना लघवीपुरतीच जागा हवी असते. त्यांच्यासाठी पाठीमागे पुरुषभर उंच भिंतीच्या आड चार-पाच जणांची मुतारी काढलीत, तर तिला छपराचाही फारसा खर्च नाही आणि भांड्याच्या खोल्यांवरचा त्यांचा भार उतरतो. मुतारी नसलेल्या सामाईक खोलीची फरशी तासाभरात ओली होते आणि मग बायका तेथे पाऊल टाकत नाहीत. रेल्वेच्या डब्यातील संडासावर स्त्री-पुरुष असे काही लिहिलेले नसते हे तरुण मंडळींचे म्हणणे बरोबर आहे, पण रात्रीच्या गाडीने मिरजेहून बेंगळुरूला गेलेल्या कोणत्याही बाईला सकाळच्या फरशीची अवस्था विचारा.

खोल्यांच्या भिंती स्लॅबपर्यंत न्या. पत्रा टाकणार असाल तर पत्र्याला भिडवा. झरोका डोक्याच्या वर असू द्या आणि त्याला जाळी बसवा. दार थेट रस्त्याच्या, लोकांच्या नजरेच्या बाजूला उघडावे. आडबोळात नेलेले दार अब्रूचे वाटते, पण खरा धोका त्या बोळातच असतो. कडी मात्र दणकट लोखंडी घ्या. आत दोन खुंट्या आणि एक फळी हवीच, कारण हातातली पिशवी, भाजीचे पैसे आणि निऱ्या एकदम सांभाळणे किती कठीण असते, हे नकाशा काढणाऱ्या आम्हा पुरुषांच्या लक्षात येत नाही. माझ्याही आले नव्हते; पत्नीने सुनावले तेव्हा आले.

भांड्यांच्या हिशेबासाठी शहरी स्वच्छ भारत अभियानाचे प्रमाण पाहा : पुरुषांसाठी शंभरामागे एक, तर स्त्रियांसाठी शंभरामागे दोन. तुमच्या जुन्या शौचालयात हे नेमके उलटे असणार.

प्रतिसाद २ (बेळगाव, माध्यमिक शिक्षिका)

मला सामाईक खोल्यांविषयी शंका आहे आणि ती स्पष्ट मांडते. आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुली पाळीच्या दिवसांत घरी राहतात, कारण मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे शौचालय त्यांना नको वाटते. बंद खोली असली तरी बाहेर पडताना समोर कोण उभे आहे, हा प्रश्न उरतोच. म्हणून स्त्रियांच्या बाजूचे एकही भांडे कमी करून सामाईक खोली देऊ नये. जोगत्यांना आमच्या बाजूला येऊ द्यावे की नाही, यावर आमच्या शिक्षिकांत दोन मते आहेत. माझे मत येऊ द्यावे असे आहे, पण साडी नेसून कोणीही आत येईल अशी भीती बोलून दाखवणाऱ्या बाईला मागासलेली ठरवून गप्प बसवणेही मला पटत नाही.

प्रतिसाद ३ (बेळगाव, जोगते-जोगतिणींबरोबर काम करणारी कार्यकर्ती)

अक्का, जग धरून तुम्ही उभ्या राहिलात हे वाचून बरे वाटले.

तिसऱ्या दाराविषयी माझा अनुभव असा आहे की पाटी लागली की त्या दाराकडे चालत जाणे हीच एक जाहीर घोषणा होते. ज्यांना सगळा गाव ओळखतो असे वयस्क जोगते म्हणतात, “आमचे वेगळे असू दे, कोणाची कटकट नको.” बाजारात भाजी विकणारी, शेजाऱ्यांना आपल्याविषयी काही माहीत नसलेली एखादी तरुण व्यक्ती त्या दाराकडे फिरकणारही नाही. शिवाय अशी वेगळी खोली वर्षातले कितीतरी दिवस रिकामी राहते, मग तिला कुलूप लागते आणि तिची गत तुमच्या ब्लीचिंग पावडरच्या खोलीसारखी होते. कोणाच्याही नावाची नसलेली खोली मात्र रोज वापरात राहते : अपंग मुलाला घेऊन आलेली आई तीत जाते, म्हाताऱ्या आईला आधार देणारा मुलगा जातो, आणि त्यांच्यातच आमचे लोकही न बोलता जाऊन येतात. तिला उतार आणि धरायला दांडी अवश्य करा.

शिक्षिकाताईंना एवढेच सांगते की रांगेचा प्रश्नही लक्षात घ्या. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१७ मध्ये गर्दीच्या ठिकाणचे गणित मांडले होते. शौचालये सामाईक केल्यास आणि मुताऱ्या वेगळ्या ठेवल्यास स्त्रियांचे थांबणे सहा मिनिटांवरून सुमारे दीड मिनिटावर येते, असे त्यात निघाले. ते गणितच आहे, आपला बाजार नव्हे, हे मलाही मान्य आहे. तुमची एकही जागा कमी करू नये, याबाबत मी तुमच्याच बाजूची आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काका, ताई आणि कार्यकर्त्या भगिनी, तिघांचेही आभार. तुमचे म्हणणे मी महिला मंडळात वाचून दाखवले. शिक्षिकाताईंचा मुद्दा वाचताना बायकांनी माना डोलावल्या, आणि काकांच्या खुंट्यांवर तर टाळ्याच पडल्या.

ठरावाचा मसुदा आता असा केला आहे : स्त्रियांच्या बाजूला तीन भांडी आणि पॅडसाठी झाकणाची पेटी, पुरुषांना एक भांडे आणि मागे मुतारी, आणि रस्त्याच्या बाजूला थेट उघडणाऱ्या, पूर्ण भिंतींच्या दोन खोल्या, त्यांतली एक उताराची. पैसे कमी पडले तर पुरुषांच्या बाजूची फरशी साधी घ्यायची, स्त्रियांचे भांडे कमी करायचे नाही, हे वाक्य मी हट्टाने घातले आहे. किल्ली पानपट्टीवर जाणार नाही. बाजाराच्या दिवशी महिला मंडळाच्या दोघी मानधनावर बसतील. मानधन कोणत्या शीर्षकाखाली द्यायचे, यावर पीडीओसाहेबांशी (पंचायत विकास अधिकाऱ्यांशी) बोलणे चालू आहे. असे मानधन कोठे दिले जात असेल तर ठरावाची प्रत अवश्य कळवावी.

पाट्यांचा एक मुद्दा तुमच्यापैकी कोणी काढला नाही. आमच्याकडे पाटी कन्नडमध्ये असते. ‘महिळेयरु’ आणि ‘पुरुषरु’ हे कानाला कळते, पण इचलकरंजीहून आलेल्या भाविक बाईला ती लिपी वाचता येत नाही आणि ती चुकून दुसऱ्याच दारात शिरते. भाषेचा वाद या पाटीवर आणायची माझी इच्छा नाही. म्हणून कन्नड अक्षरांखाली मोठी चित्रे काढायची, आणि नाव नसलेल्या दोन खोल्यांवर माणसाचे चित्र न काढता नुसते भांड्याचे आणि चाकाच्या खुर्चीचे चित्र काढायचे, असे सुचवले आहे. रंगाऱ्याने नमुना काढून आणला, तर त्यात भांड्यावर बाई बसवली होती; तो परत पाठवला.

आणि दारांजवळ, ओल्या फरशीपासून दूर, जग ठेवण्यासाठी एक छोटा कट्टा धरला आहे. इंजिनिअरांनी त्याची उंची विचारली आहे. त्या अक्कांचा गाडीवाल्याकडून निरोप मिळाला की त्यांनाच विचारून येथे लिहिते.