सोलापूर-पुणे टोचन: फोर बाय फोर पिकअपला नुसतं न्यूट्रल पुरत नाही, मागचा जॉइंट काढा

होटगी_नाका
इंजिन जाम झालेली फोर बाय फोर पिकअप पुण्याला न्यायचीय, तर 'गिअर न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा आणि ओढा' असा सल्ला कालच्या पोस्टमध्ये दिलाय. खाली सगळे 'बरोबर' म्हणतायत, म्हणून सविस्तर लिहितोय. अडीचशे किलोमीटर असं ओढलं तर इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही खोलावा लागेल.

मागची चाकं फिरली की पिनियन (डिफरन्शियल, म्हणजे मागच्या एक्सलच्या गोळ्याच्या तोंडाचा गिअर) फिरतो, त्याच्यामागून जॉइंट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला ताकद नेणारा लांब शाफ्ट), ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट (बाहेर ताकद देणारा शाफ्ट). तेल उडवणारा लेशाफ्ट (गिअरबॉक्समधला खालचा शाफ्ट) मात्र इंजिनाकडून फिरतो, तो उभाच. मेनशाफ्टचे बेअरिंग आणि बुश कोरडे पळतात. ऑटोमॅटिकमध्ये तर तेलाचा पंपच इंजिनावर चालतो.

म्हणून मागचा जॉइंट काढायचा. आधी चाकांखाली दगड लावा. पिनियनच्या फ्लँजवर आणि जॉइंटवर समोरासमोर पंचची खूण करा, मग चार बोल्ट सोडा. मधला मोठा पिनियन नट हलवायचा नाही, बेअरिंगचा प्रीलोड (ठरवून दिलेला दाब) त्याच्यावर बसवलेला असतो. जॉइंट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगच्या मागचा तुकडा काढला तरी पुरतं. क्रॉसच्या (जॉइंटच्या टोकाच्या फुलीच्या) कॅप उघड्या राहत असतील तर टेप गुंडाळा, नाहीतर आतल्या सुया सांडतात.

डिफरन्शियल फिरतच राहणार. तेल फिलरच्या भोकाच्या काठापर्यंत हवं आणि हाउसिंगचा ब्रीदर (हवा जाण्याचं भोक) मोकळा हवा. ब्रीदर चिखलानं बंद असला की गरम झालेलं तेल सीलमधून ब्रेक लायनरवर उतरतं.

पार्क_चौक
अर्धंच सांगितलंत. ट्रान्सफर केसच्या लिव्हरला N (न्यूट्रल) असेल तर जॉइंटला हात कशाला? ट्रान्सफर N मध्ये, गिअरबॉक्स गिअरमध्ये, पुढचे हब फ्री (पुढची चाकं एक्सलपासून सुटी). मेनशाफ्ट जागचा हलत नाही. जॉइंट काढला की परत बसवणारा खुणा बघत नाही, स्प्लाइन एक-दोन दात इकडंतिकडं बसते, दोन्ही क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी वेगात थरथरते. पुढं पिनियनचं बेअरिंग जातं.

होटगी_नाका
लिव्हरवाल्या गाडीचं मान्य. पण नव्या पिकअपला नॉब असतो: 2H (दोन चाकांना ताकद), 4H (चारही चाकांना), 4L (चारही चाकांना, हळू गिअरमध्ये). बहुतेकांना N नाहीच. जुन्यांची लिंकेज झिजलेली, वाटेत लिव्हर सरकून 4L पडलं तर मागची चाकं रस्त्यावर घासत जातील. N टाकल्यावर पहिल्या गिअरमध्ये गाडी ढकलून बघा. हाताला जड लागली तर जॉइंट काढाच.

चिंचोळी_एमआयडीसी
जॉइंट कशाला, एक्सल (चाकाला फिरवणारे दांडे) ओढून काढा. हबचे नट सोडले की दोन्ही बाजूंचे दांडे बाहेर. क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधले गिअर) तुटलेला असला तरी गाडी चालते. हबच्या तोंडाला पत्रा नाहीतर कापड घट्ट बांधा, तेल आत राहतं.

होटगी_नाका
काय ओ, ट्रकचं पिकअपला लावू नका! हे फुल फ्लोटिंगला चालतं, जिथं चाकाचं वजन हाउसिंगवरच्या दोन बेअरिंगवर असतं. बहुतेक हलक्या पिकअप सेमी फ्लोटिंग, चाक दांड्यावरच बसलेलं. दांडा काढला की चाकही त्याच्याबरोबर आलं. चाकाच्या मध्यभागी पुढं आलेला हब आणि त्यावर बोल्टांचं कडं दिसलं, तरच एक्सलचा विचार करा.

अक्कलकोट_रोड
तुम्ही तेलावर भांडताय, माणसं ब्रेकमुळं मरतायत. इंजिन बंद म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम नाही. साठलेल्यावर दोन-तीन दाब मिळतात, नंतर पेडल दगडासारखं. पॉवर स्टिअरिंगही जड. आणि लोक अशी गाडी साखळीनं बांधून तुळजापूर घाटही उतरवतात! साखळी ढिली पडली की मागची गाडी पुढच्याच्या डाल्यात जाते.

पार्क_चौक
विषय मागच्या जॉइंटचा आहे.

अक्कलकोट_रोड
विषय गाडी धड पोचण्याचा आहे. साखळी बंद करा, लोखंडी रॉड लावा. दोन्ही गाड्यांचे हुक साधारण एका उंचीला, ओढणारी गाडी निदान तेवढ्याच वजनाची. दोघांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, हा नियमच आहे. चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. उसाच्या हंगामात मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात बिनलाइटच्या जोडट्रॉल्या काय कमी आहेत, म्हणून तुम्हीही अंधारात बिनदिव्याची गाडी ओढता? मागच्या गाडीची बॅटरी चार्ज करा, इंडिकेटर चारही चालू ठेवा, मागं लाल रिफ्लेक्टर लावा.

चिंचोळी_एमआयडीसी
घाटात रॉड वाकतो. वळणावर साखळी बरी.

अक्कलकोट_रोड
दोन्ही टोकांना पिन आणि डोळा असलेला रॉड वाकत नाही, वळतो. वाकतो तो वेल्डिंग केलेला पाइप. घाटात साखळीची बाजू घेऊ नका, कळकळीनं सांगतोय.

पार्क_चौक
रॉडचं पटलं. एवढं ओझं आणि एवढं अंतर असेल तर गाडी फ्लॅटबेडवर (सपाट डाल्याच्या ट्रकवर) चढवलेलीच बरी, हे मात्र कुणी बोलत नाही.

होटगी_नाका
फ्लॅटबेड मिळाला तर तोच घ्या, त्यात दुमत नाही. नाही मिळाला तर जॉइंट काढून, रॉड लावून, वेग पंचवीसच्या आत. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला थांबा. चारही हब आणि पिनियनची बाजू हातानं तपासा. सोलापूरच्या उन्हात सगळंच तापतं, म्हणून डाव्या-उजव्याची तुलना करा. एकच बाजू चटका देत असेल तर ड्रममध्ये शू चिकटलाय, हँडब्रेकची केबल आधी ढिली करा. पोचल्यावर फ्लँजला नवे लॉकनट लावा, जुने परत वापरू नका.