प्रतिकारशक्ती ही दुसरी फळी

बरेच जण म्हणतात की प्रतिकारशक्ती चांगली असेल तर कॅन्सर होतच नाही. इतकं सरळ नाही ते. मुळात पहिला पहारा पेशीच्या आतच असतो. डीएनए बिघडला की पी५३ हे प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि नाहीच जमलं तर पेशीला आत्महत्या करायला लावतं. माणसात हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या 2 प्रती, हत्तीत सुमारे 40! एवढं अवाढव्य धूड असूनही हत्तींना कॅन्सर कमी होतो, त्याचं हे एक कारण मानलं जातं. आपल्याकडे मात्र जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हाच पहारेकरी बिघडलेला सापडतो.

यातून निसटलेल्या पेशींना प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी ओळखून मारतात. ओळख लपवणाऱ्यांवर एनके ('नॅचरल किलर') पेशी तुटून पडतात (हा डाव मला फार आवडतो). तरीही काही गाठी टी-पेशींचे 'ब्रेक'च दाबून धरतात. हे ब्रेक सोडवण्याच्या संशोधनासाठी अ‍ॅलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना 2018 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ब्रेक सोडवणाऱ्या उपचारात मोकाट सुटलेली प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्याच आतड्यावर, थायरॉइडवर उलटते. त्यामुळे 'इम्युनिटी बूस्टर'च्या जाहिराती नेमकं काय वाढवतात, हे त्यांनाच विचारा.